उसाबरोबर एरंडाला पाणी. पण ऊसच हलला तर?



उसाबरोबर एरंडालाही पाणी मिळते, ही म्हण आपल्या भागात कोणाला शिकवावी लागत नाही. पाण्याची पाळी असते ती उसाची. बांधावरचा एरंड ना पाणीपट्टी भरतो, ना त्याची कुठल्या वहीत नोंद असते. तरी उसाच्या जिवावर तो हिरवागार राहतो. पण मालकाने उद्या ऊस या शेतातून काढून दुसऱ्या शिवारात करायचा ठरवला, तर एरंडाचे मत कोण घेणार?

या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, खत-पाणी याविषयी लिहितो. या अंकात मात्र अमेरिकेतील कॉलेजच्या कुस्तीची हकीकत सांगणार आहोत. "साहेब, ऊस सोडून हे काय मध्येच?" असे कोणी म्हणेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात तालीम नाही असे गाव शोधावे लागेल, आणि ज्या घरातले कोणीच कधी लाल मातीत उतरले नाही, असे घरही थोडेच. शिवाय ही हकीकतच अशी आहे, की ती वाचताना सभासदाला कुस्तीइतकीच आपली शेती आणि आपला कारखाना आठवेल.

तिकडची कुस्ती

अमेरिकेत आपल्यासारख्या गावोगावच्या तालमी नाहीत. तिकडे कुस्ती जगते ती शाळा-कॉलेजात. मुलगा हायस्कुलात कुस्ती शिकतो. चमकला तर विद्यापीठाचा वस्ताद त्याला बोलावून घेतो, शिष्यवृत्ती देतो, आणि सराव, डॉक्टर, प्रवास हे सगळे विद्यापीठ पाहते. ऑलिंपिकला जाणारे अमेरिकेचे बहुतेक मल्ल याच वाटेने वर आलेले असतात.

कुस्ती गादीवर होते, सात मिनिटांची. पहिली फेरी तीन मिनिटांची, पुढच्या दोन फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या. वजनगट दहा, १२५ पौंडांपासून (सुमारे ५७ किलो) २८५ पौंडांपर्यंत (सुमारे १२९ किलो). दोन विद्यापीठे समोरासमोर आली की प्रत्येक वजनाची एक जोड लागते आणि दहा कुस्त्यांच्या गुणांवर संघाचा निकाल ठरतो.

मक्याच्या शेतीचे आयोवा राज्य म्हणजे तिकडचे कोल्हापूरच म्हणा. डॅन गेबल हा तिथलाच मल्ल. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक घेतले, आणि पुढे वस्ताद म्हणून आयोवा विद्यापीठाला १५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. ओक्लाहोमा स्टेट या विद्यापीठाच्या नावावर तर ३४ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये या दोन विद्यापीठांची लढत आयोवाच्या उघड्या फुटबॉल मैदानावर लावली, तेव्हा ४२,२८७ लोक ती पाहायला आले होते.

एवढी कुस्तीची आवड असलेला हा देश. पण त्या देशात कॉलेजची कुस्ती कोणाशी, कुठे आणि किती दिवस चालणार, हे कुस्तीवाले ठरवत नाहीत. ते ठरते फुटबॉलच्या हिशेबावर.

पैसा कुठून येतो?

त्यांचा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचे, आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा तो खेळ. पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एका वेळी लाखावर माणूस बसतो. दूरदर्शनवर तो खेळ दाखवण्यासाठी कंपन्या प्रचंड रकमा मोजतात, आणि बहुतेक मोठ्या विद्यापीठांत त्याच पैशावर पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, धावणे वगैरे इतर खेळ चालतात. म्हणजे फुटबॉल हा ऊस, बाकीचे आंतरपीक.

पूर्वी फुटबॉलच्या प्रक्षेपणाचे हक्क एन. सी. ए. ए. ही विद्यापीठीय खेळांची शिखर संस्था आपल्या हातात ठेवून होती. आठवड्याला किती सामने दाखवायचे, कोणाचे दाखवायचे, हे ती ठरवी. त्याविरुद्ध ओक्लाहोमा विद्यापीठाने दावा लावला, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की असे बंधन कायद्यात बसत नाही. तेव्हापासून हक्क विकण्याची मुभा विद्यापीठांना आणि त्यांच्या गटांना मिळाली. या गटांना तिकडे कॉन्फरन्स म्हणतात.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगायचे तर ते खेळाचे कार्यक्षेत्र. आठ-दहा विद्यापीठे एकत्र येऊन एकमेकांशी खेळतात, वर्षाच्या शेवटी गटाची स्पर्धा घेतात, मिळालेला पैसा वाटून घेतात. पूर्वी हे गट शेजारपाजारचे असत. बसने जायचे, सामना खेळायचा, रात्री परत यायचे. पण प्रक्षेपणाचा भाव गटागटाप्रमाणे वेगळा मिळू लागला, तशी विद्यापीठे जास्त भावाच्या गटाकडे सरकू लागली. २०२२ मध्ये बिग टेन या गटाने तीन दूरदर्शन कंपन्यांशी सात वर्षांचा करार केला, तो ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा. एवढी तफावत पडल्यावर जुना शेजार किती दिवस टिकणार? वाटेत कितीही मैलाचे दगड येवोत, ज्याला त्याला त्या गटात जायचे होते.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

आता खरी गंमत इथे आहे. फुटबॉलचा गाडा ज्या गावाला निघतो, त्या गावात कुस्ती असतेच असे नाही. दक्षिणेकडची एस. ई. सी. ही फुटबॉलची फार श्रीमंत कॉन्फरन्स आहे. पण ती कुस्तीची स्पर्धाच घेत नाही.

मिसुरी विद्यापीठ २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्ह हा गट सोडून एस. ई. सी. मध्ये गेले. फुटबॉलची सोय झाली. पैलवान मात्र उघड्यावर आले. मग त्यांना मिड-अमेरिकन नावाच्या दुसऱ्याच गटात जागा मागावी लागली. तिथे ते नऊ हंगाम लढले, आणि २०२१ मध्ये फक्त कुस्तीपुरते जुन्या बिग ट्वेल्व्ह गटात परत आले. फुटबॉल एका घरी, कुस्ती दुसऱ्या घरी.

मागे राहिलेल्यांचेही हाल झाले. नेब्रास्का २०११ मध्ये बिग टेनमध्ये गेले, पाठोपाठ मिसुरी गेले, आणि बिग ट्वेल्व्ह या नामांकित गटात कुस्तीचे चारच संघ उरले. चार संघांची स्पर्धा म्हणजे सरळ उपांत्य फेरीच! शेवटी २०१५ मध्ये या गटाने दुसऱ्या एका छोट्या गटातले वायोमिंग, एअर फोर्स, साउथ डकोटा स्टेट असे सहा संघ केवळ कुस्तीपुरते सामावून घेतले. त्याने स्पर्धा वाचली.

पुढे ज्या ओक्लाहोमा विद्यापीठाने १९८४ चा दावा जिंकला होता, तेच टेक्ससबरोबर २०२४ मध्ये एस. ई. सी. मध्ये गेले. मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून दोघांनी मिळून १० कोटी डॉलरची तडजोड केली. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट या शेजाऱ्यांतली फुटबॉलची पिढीजात लढत नोव्हेंबर २०२३ नंतर थांबली. कुस्तीची मात्र थांबली नाही. कारण ओक्लाहोमाचे पैलवानही मिसुरीच्या वाटेने कुस्तीपुरते बिग ट्वेल्व्हमध्येच राहिले. २०२४-२५ च्या हंगामात या गटाच्या कुस्तीत १४ संघ होते. त्यातले गटाचे पूर्ण सभासद किती? चार! बाकीचे दहा बाहेरून येऊन कुस्तीपुरते सामील झालेले. आपल्या भाषेत दहा बिगर-सभासदांच्या उसावर हंगाम पार पडला म्हणा.

घर मोडले ते पश्चिमेचे

पश्चिम किनाऱ्यावर पॅक-ट्वेल्व्ह हा जुना आणि मानाचा गट होता. जून २०२२ मध्ये लॉस एंजलिसची दोन विद्यापीठे, यू. एस. सी. आणि यू. सी. एल. ए., यांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. २०२३ च्या उन्हाळ्यात बाकीच्यांची रीघ लागली. बारापैकी दहा गेले, दोन उरले. फुटबॉलच्या बातम्यांनी तेव्हा वर्तमानपत्रे भरली. पण त्या गटातल्या कुस्तीचे काय झाले, ते पाहा.

ॲरिझोना स्टेटचे पैलवान बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. स्टॅनफर्डचे पैलवान गेले अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. नावच अटलांटिक किनारा, आणि स्टॅनफर्ड आहे पॅसिफिकच्या बाजूला, कॅलिफोर्नियात! तिथून या गटातल्या ड्यूकसारख्या विद्यापीठाकडे कुस्ती खेळायला जायचे तर सुमारे चार हजार किलोमीटर. मागे राहिलेल्या ओरेगन स्टेटला कॅल पॉली, बेकर्सफील्ड आणि लिटल रॉक या कुस्तीपुरत्या सोबत्यांसह चार संघांवर २०२४-२५ चा हंगाम काढावा लागला. दहा वर्षांपूर्वी बिग ट्वेल्व्हवर जी पाळी आली होती, तीच.

आणि बिग टेनमध्ये जी चार नवी विद्यापीठे आली, त्यांपैकी एकाकडेही कुस्तीचा संघ नाही. ओरेगनकडे होता; तो त्यांनी २००८ मध्येच बंद केला. म्हणजे गट १८ विद्यापीठांचा झाला तरी कुस्तीचे संघ १४ चे १४.

पैलवानाला काय फरक पडतो?

"गट कुठलाही असो, गादी तीच, डाव तेच," असे कोणी म्हणेल. तसे नाही. राष्ट्रीय स्पर्धेला प्रत्येक वजनात ३३, म्हणजे एकूण ३३० मल्ल घेतात. त्यातल्या बहुतेक जागा गटागटांच्या स्पर्धेतून भरल्या जातात. कोणत्या गटाला किती जागा, ते त्या वर्षीच्या कामगिरीवर ठरते. गट दुबळा झाला की जागा कमी. गट फार बलवान असेल तर जागा भरपूर, पण रोजची गाठ वाघाशी. मेरीलँड विद्यापीठाचे उदाहरण घ्या. अटलांटिक कोस्टमध्ये असताना ते २०११ आणि २०१२ मध्ये लागोपाठ गटविजेते होते. फुटबॉलच्या हिशेबाने २०१४ मध्ये ते बिग टेनमध्ये गेले. तिथे आयोवा, पेन स्टेट, ओहायो स्टेट, मिनेसोटा असे एकेक हत्ती. मेरीलँडच्या पैलवानांना त्यानंतर गटातली एखादी लढत जिंकणेही वर्षानुवर्षे जड गेले. ना वस्ताद कमी पडला, ना खुराक. पोरांना न विचारता त्यांची जोड बदलली होती.

शिवाय प्रवास. फुटबॉलचे सामने हंगामात बारा-तेरा, तेही बहुधा शनिवारी. त्यांना विमान परवडते. कुस्तीचा संघ लहान, पैसा तुटपुंजा, आणि पैलवान वजन उतरवून प्रवास करणार. विमानतळावर उपाशी बसून दुसऱ्या दिवशी गादीवर उतरणे म्हणजे काय, ते ज्यांनी वजन मारले आहे त्यांना आम्ही सांगायला नको.

जिंकूनही बुडाले ते ओमाहाचे

सगळ्यांत कठीण प्रसंग आला तो ओमाहाच्या मल्लांवर. मार्च २०११ मध्ये ओमाहा येथील नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाने दुसऱ्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद सलग तिसऱ्या वर्षी जिंकले. विजयाचा आनंद ओसरण्याआधीच बातमी आली, की कुस्ती बंद! विद्यापीठाला वरच्या श्रेणीत जाऊन समिट लीग या गटात बसायचे होते. त्या गटात कुस्ती नव्हती, आणि फुटबॉलही नव्हता. दोन्ही खेळ गेले. म्हणजे गटाच्या हिशेबात कधी कधी उसाच्या सरीवरही नांगर फिरतो.

त्यांचे वस्ताद माइक डेनी मात्र डगमगले नाहीत. त्यांनी सेंट लुईसच्या मेरीव्हिल विद्यापीठात नवा संघ उभा केला आणि आपल्या बऱ्याच पोरांना तिकडे सोबत नेले. तालीम मोडली तरी वस्ताद उभा असेल तर पोरे विखुरत नाहीत, हे आपल्याकडेही आपण पाहतोच.

टिकले ते कसे टिकले?

आता उलट बाजू. स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये कुस्तीसह ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले. माजी पैलवान गप्प बसले नाहीत. त्यांनी निधीची वचने गोळा केली, सभा घेतल्या, कोर्टाची पायरी चढली. मार्च २०२१ मध्ये शेन ग्रिफिथ हा त्यांचा मल्ल विद्यापीठाचे नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि १६५ पौंडांत अजिंक्य ठरला. मे २०२१ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. म्हणून २०२४ मध्ये पॅक-ट्वेल्व्ह मोडले तेव्हा अटलांटिक कोस्टमध्ये जायला स्टॅनफर्डची कुस्ती शिल्लक तरी होती. ॲरिझोना स्टेटनेही २००८ मध्ये कुस्ती बंद केली होती. देणगीदार पुढे आले आणि काही दिवसांतच ती पुन्हा सुरू झाली.

पण प्रत्येकाला ते जमले असे नाही. फ्रेस्नो स्टेटने २००६ मध्ये संघ मोडला, २०१७ मध्ये पुन्हा उभा करून बिग ट्वेल्व्हमध्ये कुस्तीपुरता सामील केला, आणि २०२१ मध्ये पैशाअभावी पुन्हा मोडला. बॉयसी स्टेटने २०१७ मध्ये कुस्ती बंद केली. केवळ दुसऱ्याच्या गटात जागा मिळून भागत नाही. घरच्या तिजोरीत कुस्तीच्या नावाचे चार पैसे वेगळे असावे लागतात. १९८० च्या सुमारास पहिल्या श्रेणीत कुस्तीचे दीडशेच्या जवळपास संघ होते, आता ते ऐंशीच्या आत आले आहेत. ही घट गटबदलाच्या कितीतरी आधीपासून, इतर कारणांनीही, चालू होती. गटबदलाने अशक्त झालेल्याला धक्का दिला.

जून २०२५ मध्ये आणखी एक बदल झाला. न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीप्रमाणे विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पूर्वी कुस्तीला दहा वजनगटांसाठी ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, दहाव्या पैलवानालाही पुरी पडत नव्हती. आता ती मर्यादा गेली; संघात जास्तीत जास्त ३० मल्ल ठेवून सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते. ऐकायला गोड आहे. पण ज्याच्याकडे पैसा आहे तोच देणार, आणि फुटबॉलच्या खेळाडूंना वाटून उरले तर कुस्तीला येणार. एक गोष्ट मात्र मनापासून आनंदाची : जानेवारी २०२५ मध्ये महिलांच्या कुस्तीला तिकडे अधिकृत राष्ट्रीय स्पर्धेची मान्यता मिळाली.

आपल्या बांधावर

कुस्ती दुसऱ्याच्या पाण्यावर वाढते, हे आपल्याकडेही नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी तिला राजाश्रय दिला. संस्थाने विलीन झाली, तो आश्रय संपला. १९५२ मध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायचे, तर त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. कॉलेजची कुस्ती म्हणतात ती अशी! पुढे गावजत्रेची वर्गणी, तालमीतली माणसे आणि सहकारी साखर कारखाने यांनी हा भार उचलला. आजही कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यातले अनेक कारखाने मल्लांना मानधन देतात, मैदाने भरवतात. तो पैसा येतो कुठून? तुमच्या आमच्या उसाच्या टिपरातूनच.

म्हणून सभासदांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली तालमीविषयी. कारखान्याचे मानधन असो वा नसो, गावच्या तालमीचे स्वतःचे खाते असावे, त्यात दर हंगामाला घरटी थोडी का होईना वर्गणी पडावी. साखरेला भाव नसेल त्या वर्षी कात्री कुठे लागते, ते आपण जाणतो. स्टॅनफर्डची कुस्ती जुन्या पैलवानांनी जगवली. आपल्या गावातही नोकरी-धंद्याला लागलेले जुने पैलवान कमी नाहीत.

दुसरी उसाविषयी. पहिला हप्ता कुठे जास्त, हे पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. कष्ट त्याचे, ऊस त्याचा. ओक्लाहोमाने भाव पाहिला म्हणून त्याला चोर म्हणता येणार नाही. पण गाडी दुसऱ्या काट्यावर वळवण्याआधी आपल्या पाटावर आणखी कोण कोण पाणी पिते, ते एकदा मोजावे : शाळा, दवाखाना, शिवारातला रस्ता, तालीम. त्यांचे काय करायचे ते आधी ठरवावे, मग गाडी जुंपावी. मिसुरीच्या पैलवानांना नऊ वर्षे परक्या घरी काढावी लागली. बाहेरची दारे उघडी होती म्हणून निभावले. आपल्या गावच्या तालमीला दुसरे दार कोणते, याचा विचार येत्या गावसभेत व्हावा, एवढीच विनंती.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहू. पाचट जाळू नये, ही आठवण जाता जाता.

– ऊस विकास अधिकारी